पन्हाळ्याजवळ घर घेतोय, शनिवार-रविवार पर्यटकांना देता येईल का?

रंकाळाकाठ: नमस्कार मंडळी. सहा वर्षांनी निवृत्ती. तोवर सुट्टीला आणि नंतर दोघांना कायमचं राहायला पन्हाळा-जोतिबा भागात लहान घर शोधतोय. बजेट 40 लाख, वर एक रुपया नाही. रिकामं असताना पर्यटकांना भाड्याने द्यायचा विचार आहे. नियम काय आहेत?

घाटमाथा: 40 मध्ये काय येणार? थोडं कर्ज काढा नि आंबा घाटाकडे बंगला घ्या. आम्ही 85 ला घेतला. गॅलरीत बसलं की अख्खी दरी समोर!

बावडेकर: भावा, पाऊस बघितलायस का तिथला? माझं घर गगनबावड्याला. जुलैत गाद्या वाळवायला ऊनच नसतं, कपाटातल्या पट्ट्यावर हिरवी बुरशी. पाहुणा खोलीत शिरला, वास घेतला आणि दारातूनच पैसे परत मागितले. भाड्याचा हिशोब आठच महिन्यांचा धरा.

उत्तरेश्वरची_माई: भाड्याचं नंतर, आधी जागा तपासा. शेतजमीन असेल आणि तुम्ही शेतकरी नसाल, तर कुळकायद्याचं कलम 63 आडवं येतं, बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. विकणारा ‘एनए (बिगरशेती) होतंय की’ म्हणेल. आदेश हातात पडल्याशिवाय विसार देऊ नका. सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ रकाना वाचा. आम्ही वाचला नाही. तीन वर्षं कोर्टाच्या तारखा चालू आहेत, माझ्या गुडघ्यांना तो जिना आता चढवत नाही.

घाटमाथा: आमचं सगळं क्लिअर होतं. वकील चांगला पाहिजे.

तटबंदी: गडावरच घ्या. 2025 मध्ये पन्हाळा युनेस्कोच्या यादीत आला, भाव वाढणारच.

उत्तरेश्वरची_माई: अहो, संरक्षित स्मारकापासून 100 मीटरांत नवं बांधकाम बंद, त्यापुढच्या 200 मीटरांत परवानगी लागते. निवृत्तीनंतर एक खोली वाढवायची म्हटली तर?

सोसायटी_सेक्रेटरी: फ्लॅट घेणार असाल तर सोसायटीला आधी विचारा. आमच्याकडे एकाने दर शनिवारी नवी टोळी आणली, रात्री दोनपर्यंत स्पीकर. सभेत ठराव करून बंद केलं. स्वतंत्र घर असेल तर पर्यटन संचालनालयाच्या ‘निवास व न्याहारी’ योजनेत नोंदणी करा. परदेशी पाहुणा आला तर 24 तासांत त्याची माहिती सरकारकडे कळवावी लागते.

तटबंदी: न्याहारीला झुणका-भाकरीच द्या!

बावडेकर: सकाळी आठला कोण खातंय झुणका? मिसळ द्या.

तटबंदी: पन्हाळ्यावर येऊन मिसळ? ती कोल्हापुरात खायची.

रंकाळाकाठ: सगळ्यांचे आभार. काल सौ.बरोबर जाऊन जोतिबाच्या वाटेवर गावठाणातलं कौलारू घर ठरवलं, 34 लाख. माई, ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर (घरपट्टीच्या उताऱ्यावर) मालकी सिद्ध होत नाही असं वकिलांनी सांगितलं, म्हणून मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढायला टाकलीय. पर्यटक नकोतच. पुढच्या दोन खोल्या गावातल्या शिक्षिकेला अकरा महिन्यांच्या नोंदणीकृत करारावर देतोय, मागची खोली आम्हाला. परसात फणस आहे, सौ.ने त्याच्याकडे बघूनच होकार दिला.

घाटमाथा: शनिवार-रविवारचं उत्पन्न सोडलंत. चूक करताय.

उत्तरेश्वरची_माई: पत्रिका हातात येईपर्यंत विसार थांबवा हो.