आमेन म्हणून ताटात टाकलेलं अन्न, याले आभार म्हणाचं का?

तिवसेकर
परवा कोणीतरी लिहिलं होतं का जेवणाआधी आभार मानले का झालं, उरलं तं टाका, आपल्या पैशाचं हाये, देव काही ताटं मोजत बसत नाही. दोन दिवस डोक्यातून जाऊन नाही राहिलं म्हणून लिहितो. मागच्या रविवारी चर्चच्या उपकारस्तुतीच्या, म्हणजे देवाचे आभार मानाच्या, जेवणाले होतो. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, सगळे आमेन म्हणले, अन् अर्ध्या घंट्यानं हात धुवाले मंडपामागं गेलो तं निळ्या ड्रमात भात, त्यावर पोळ्या, वांग्याच्या रश्श्यात जिलबी. एका पोळीचा तं एकच घास तोडलेला होता. प्रभूनं जवाच्या ५ भाकरी अन् २ मासोळ्यांत ५ हजाराले जेवू घातलं, अन् तरी उरलेले तुकडे गोळा कराले लावले, १२ टोपल्या भरल्या. बायबलात योहान ६ काढून पाहा. ज्याले कधीच कमी पडणार नव्हतं त्यानं तुकडा जपला, अन् आपण सोसायटीचं कर्ज डोक्यावर घेऊन फेकतो.

कापूसवाला
ते मीच लिहिलं होतं, सरळ नाव घ्याचं होतं. तुमाले योहान दिसला तं निर्गम १६ पण पाहा, देवानं रानात पाठवलेला मान्ना, म्हणजे रोजचं अन्न, सकाळपर्यंत ठेवला तं त्यात किडे पडले. माया पोराले मे महिन्यात रातच्या वरणानं उलट्या-जुलाब झाले, तीन सलाईन लागल्या. आपल्या इकडच्या उन्हात रातचं वरण सकाळी फसफसते. दोन वाट्या वरणापायी पोरगं गमवू का?

तिवसेकर
पोराचं वाईट वाटलं भाऊ, खरंच. पण त्याच अध्यायात लिहिलं हाये का ज्याले जेवढं लागते तेवढंच गोळा करा. अन् शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट घेतला तो सकाळपर्यंत राहिला, त्यात किडे नाही पडले. मापात रांधा एवढंच म्हणून राहिलो, शिळं खा म्हणलोच नाही.

जुना मास्तर
संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल आहे. भारतात घराघरातून माणशी वर्षाला ५५ किलो अन्न वाया जातं. रेशन माणशी महिन्याला ५ किलो, म्हणजे वर्षाचे ६०. जवळजवळ एका माणसाचं वर्षाचं रेशन! कॅथलिकांचे पोप फ्रान्सिस २०१३ मधे बोलले होते की अन्न फेकणं म्हणजे गरिबाच्या ताटातून चोरणं. मी प्रोटेस्टंट आहे, तरी पटलं.

टमाटेवाला
मास्तर, त्या ५५ किलोत सालं, हाडकं पण धरतात. आमच्या घरी सालं बकरीले, भाकर कोंबड्याइले, गंज-पातेल्याची खरवड कुत्र्याले. काय वाया गेलं सांगा? अन् टमाट्याले भाव नव्हता तवा मी उभ्या पिकात रोटाव्हेटर फिरवला, तवा चर्चमधला एक माणूस नाही आला टोपली घेऊन. ते अन्न नव्हतं का?

मोर्शीची सून
एवढे सगळे बोलले पण उरलेलं खाते कोण हे एकानंही नाही विचारलं. मायं लग्न होऊन १९ वर्षं झाले. रातची भाकर सकाळी मीच खाते. सासरा, नवरा, पोरं यायले गरम, मंग गंजात जे राहिलं ते माया वाट्याले. सासूबाई म्हणत का अन्न टाकलेलं प्रभूले आवडत नाही, अन् त्याही बिचाऱ्या जन्मभर तेच खात गेल्या. अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या मले, अन् अन्न जपल्याचं पुण्य घराले. योहानात टोपल्या कोणी भरल्या ते पण वाचा ना. शिष्यांनी. वाकून वाकून गड्यांनीच गोळा केलं.

कापूसवाला
ताई, विषय अन्नाचा हाये. घरचं भांडण इथं कशाले?

मोर्शीची सून
अन्न घरातच रांधतात अन् घरातच उरते. तुमाले सलाईन दिसली ते बरोबर, मी पण माय हाये. पण त्या दिवशी वरण किती शिजवाचं हे कोण सांगून गेलं होतं? आमचे हे सकाळी म्हणतात दहा जण येतील, येतात चार.

जुना मास्तर
बाईंनी बरोबर पकडलं. चाळीस वर्षं हा भाग संडेस्कूलमधे शिकवला, पाच अन् दोनचा हिशेब मुलांना पाठ करून घेतला, टोपल्या कोणी उचलल्या हे कधी विचारलं नाही.

टमाटेवाला
माया टमाट्याचं राहूनच गेलं.

तिवसेकर
नाही राहिलं. बायबलातच लेवीय १९ मधे शेताच्या कडेचं पीक गरिबासाठी सोडा असं हाये, बायबलातली विधवा रूथ तसंच सरवा वेचून जगली. पुढच्या वेळी रोटाव्हेटर फिरवाच्या आदल्या दिवशी चर्चमधे सांगा, मी क्रेट घेऊन येतो.

कापूसवाला
शिळ्या वरणाचं मले नाहीच पटत, पटणारही नाही. टोपल्याचं मानतो. पुढच्या उपकारस्तुतीले बफे नको, पंगत बसवू, वाढाले मी राहतो.

मोर्शीची सून
आज रातच्या तीन भाकरी उरल्या होत्या. कांदा-मिरची घालून कुस्करा केला अन् पहिले ह्यायच्या ताटात वाढला. एकदा मायाकडे पाह्यलं, मंग खाल्ला.