मुंबई ते न्यूयॉर्क: तिकिटावर सहा तास, विमानात खरे किती?

अमळनेरची आजी:
जूनमध्ये न्यूजर्सीला लेकीचं बाळंतपण आहे. आम्ही दोघं पहिल्यांदाच विमानात बसणार. तिकिटावर मुंबईहून रात्री १.४० ला सुटून त्याच तारखेला सकाळी ७.४० ला न्यूयॉर्क, थेट विमान. तिकीट काढून देणारा म्हणाला, सहा तासांत पोचाल. जावई म्हणतात, पंधराच्या वर. ह्यांना शुगर आहे, सकाळी आठ आणि रात्री आठ अशी जेवणाआधी गोळी असते. तास नेमके कळले नाहीत तर गोळी चुकेल, ही माझी खरी काळजी. आणि अंतर किती पडतं? नकाशात तर मधे अख्खा आफ्रिका खंड आणि समुद्र दिसतो.

चाळीसगावकर, निवृत्त भूगोल शिक्षक:
ताई, जावई बरोबर सांगताहेत. दोन्ही वेळा त्या त्या गावच्या घड्याळातल्या आहेत. जूनमध्ये न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. सहा अधिक साडेनऊ, म्हणजे साडेपंधरा तास.

अंतर सरळ मोजलं तर साधारण १२,५०० किलोमीटर. भिंतीवरचा नकाशा इथे फसवतो. घरात पृथ्वीगोल असेल तर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत गोधडीचा दोरा ताणून धरा. तो आफ्रिकेकडे जाणारच नाही. रशिया, आइसलँड, ग्रीनलँडच्या टोकावरून जाईल. वर्गात मुलांना हे दाखवलं की त्यांचे डोळे मोठे व्हायचे. विमान मात्र अगदी दोऱ्यावरून जात नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केल्यापासून आपल्या विमानांना तो भाग टाळून वळसा पडला.

येताना कमी वेळ लागेल. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा असतो, तो जाताना समोरून येतो आणि परतताना पाठीशी राहतो. डिसेंबरात परतणार असाल तर फरक साडेदहा तासांचा धरा, कारण नोव्हेंबरात तिकडे घड्याळ एक तास मागे घेतात.

भुसावळची माय:
मी दोनदा जाऊन आले. गोळीचं असं करा: दादांच्या मनगटावरचं घड्याळ विमानात बदलूच नका. रात्री आठची गोळी घेऊन बसलात, तर सकाळची आठची विमान सुटल्यावर सहा-साडेसहा तासांनी येते. उतराल तेव्हा त्या घड्याळात संध्याकाळचे ५.१० झालेले असतील. तिथल्या वेळेवर गोळ्या कशा वळवायच्या, हे आपल्या डॉक्टरांकडून आत्ताच कागदावर लिहून घ्या. गोळ्या आणि चिठ्ठी हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नको. विमानातलं जेवण कधी येईल सांगता येत नाही, म्हणून दशम्या जवळ ठेवा.

आणि प्रवास साडेपंधरा तासांचाच धरू नका. धुळ्यावरून आग्रा रोडने मुंबई सात-आठ तास, विमानतळावर तीन तास आधी, उतरल्यावर रांग. अंगणापासून अंगणापर्यंत तीस तास होतात. दर दोन तासांनी उठून चाला, माझे पाय पहिल्या वेळी इतके सुजले की चपला चढेनात. डिंकाचे लाडू नेताय ना? सामानात खायचं जे काही असेल ते सगळं, तिथे उतरल्यावर तपासणीत विचारलं की सांगून टाका. भरताची वांगी मात्र नेऊ नका, काढून घेतात.

अमळनेरची आजी:
सर, नातवाच्या पृथ्वीगोलावर दोरा धरला. खरंच ग्रीनलँड! ह्यांनी तीनदा धरून पाहिला. भुसावळच्या ताई, सोमवारी डॉक्टरांकडे जातोय. वांगी पिशवीतून काढली, बिबड्या राहू दिल्यात.