बर्बन स्ट्रीटची ऑयस्टर गर्ल

बर्लेस्क म्हणजे नाच, विनोद आणि नखऱ्याने एकेक कपडा उतरवणं यांचा रंगमंचावरचा शो. "बर्लेस्क म्हणजे महागडा स्ट्रिप क्लबच" असं काही जण म्हणतात, ते मत काही पटलं नाही. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या फ्रेंच क्वार्टर या जुन्या भागातल्या एका जुन्या बारमध्ये मी पाहिलेल्या शोला जाझ बँडची साथ होती. ड्रमवाला नर्तकीच्या खांद्यावर नजर ठेवून ठोका देत होता, अगदी लावणीतल्या ढोलकीवाल्यासारखा. फेकलेले हातमोजे-पिसं गोळा करायला वेगळी कलाकार येते, तिला 'स्टेज किटन' म्हणतात. तीही आपल्या वाट्याचा हशा वसूल करून जाते.

तिथल्या बर्लेस्कचा एक जुना किस्सा : १९४० च्या दशकात फ्रेंच क्वार्टरमधल्याच बर्बन स्ट्रीटवर किटी वेस्ट ही नर्तकी 'इव्हँजेलिन द ऑयस्टर गर्ल' या नावाने भल्यामोठ्या शिंपल्यातून अवतरायची. १९४९ मध्ये पाण्याच्या टाकीत कपडे उतरवणारी डिव्हीना जास्त भाव खायला लागली, तेव्हा किटीने चालू शोमध्ये कुऱ्हाडीने टाकीच फोडली! 'लाइफ' मासिकात फोटो झळकले. (प्रसिद्धीसाठीच केलं असणार, दुसरं काय.) पुढे १९६२ मध्ये जिम गॅरिसन तिथला मुख्य सरकारी वकील, म्हणजे डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नी झाला आणि छाप्यांनी या क्लबांची रया गेली. जाणार असाल तर बँड असलेला शोच निवडा, रेकॉर्ड लावून नाचतात तो नको.