जीवनगौरव आदिवासी कलावंतांना म्हातारपणीच का?

डोंगरवाट:
पालघर जिल्ह्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे. वारली चित्रांसाठी राष्ट्रीय पुरस्कार १९७६ साली, पद्मश्री थेट २०११ साली. तोवर ही चित्रं कुर्त्यांवर, कपांवर, हॉटेलांच्या भिंतींवर जाऊन जुनी झाली होती. माझं मत: जीवनगौरव बंद करा आणि ते पैसे चाळिशीतल्या कलावंतांना द्या.

कोरा कागद:
कसले पैसे? पद्मश्रीत पदक आणि सनद मिळते, रुपया नाही. आणि जोधैया बाई बैगांचं काय करायचं? मध्य प्रदेशातल्या उमरिया जिल्ह्यातल्या या बैगा आदिवासी बाईंनी ब्रश धरला तोच सत्तरीच्या आसपास. पद्मश्री २०२३. तुमच्या चाळिशीच्या नियमात त्या बसल्याच नसत्या.

डोंगरवाट:
पद्मश्रीत नाहीत, पण संगीत नाटक अकादमी पैसे देते. तिने पंचाहत्तरी ओलांडलेल्या, राष्ट्रीय सन्मान न मिळालेल्या ८६ कलावंतांसाठी खास 'अमृत पुरस्कार' काढले. एवढे लोक राहून गेले होते, हे सरकारनेच सांगितलं की! जोधैया बाई अपवाद. जनगढसिंह श्याम बघा. आजची गोंड चित्रशैली ज्यांच्यापासून सुरू झाली, ते २००१ मध्ये जपानमध्ये मरण पावले, ऐन उमेदीत. म्हातारपणाची वाट बघणाऱ्या सन्मानाला असा माणूस सापडणार कसा?

सुईदोरा:
तुमचं दोघांचं भांडण एकेका नावावरून चाललंय. वारल्यांच्या लग्नाचा चौक, म्हणजे लग्नघराच्या भिंतीवरचं चौकोनी चित्र, पिढ्यान्‌पिढ्या लिहिला कुणी? सवाशिणींनी. त्यातली पालघट देवी त्यांच्याच हातची. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी पाड्यांवर कागद घेऊन आले, चित्रं बाजारात गेली आणि नाव झालं ते मुख्यतः पुरुषांचं. (जिव्या सोमांचं मोठेपण त्याने कमी होत नाही, उगाच अंगावर येऊ नका.)

कोरा कागद:
मग सगळ्या पाड्याला मिळून एक पदक द्यायचं? एक नाव मोठं झालं की गिऱ्हाईक गावात येतं. मशेंची मुलंही चित्रं काढतात. एकाला मिळालेला मान असा घराघरात जिरतो.

खडूस आजोबा:
पदकं राहू द्या. राज्य सरकार ज्येष्ठ कलावंतांना महिन्याला ५००० रुपये मानधन देतं. पाड्यावरच्या म्हाताऱ्यांचे अर्ज भरून द्या, चर्चेपेक्षा बरं.

सुईदोरा:
भरू की. पण त्यात कलेच्या कामाचे पुरावे लागतात. चौक लिहिणाऱ्या आजीने कुठलं कात्रण जोडायचं, आजोबा?