१७५ पाउंडचा वापरलेला क्रॉसबो, मागणी ३८ हजार: घ्यावा का?

पूर्णाकाठ (जिंतूर):
एक कंपाउंड क्रॉसबो बघायलोय, म्हणजे बंदुकीसारखा ट्रिगर असलेला आडवा धनुष्य, टोकांना कॅमची चाकं असलेला. मूळ शिकारीसाठी बनवलेलं मॉडेल, चार वर्षं वापरलेलं. विकणाऱ्यानं सांगितलेले आकडे असे: ड्रॉ वेट (ताणायला लागणारा जोर) १७५ पाउंड, वेग ३३० फूट प्रति सेकंद, पॉवर स्ट्रोक (स्ट्रिंग बोल्टला ढकलते ते अंतर) १२ इंच, ४×३२ चा स्कोप (नेमाची दुर्बीण). सोबत चार कार्बन बोल्ट (क्रॉसबोचे आखूड बाण) आणि ताणायची दोरी. स्ट्रिंग (प्रत्यंचा) मूळचीच आहे, कधी बदललेली नाही. वापर फक्त शेतात निशाणेबाजीसाठी, लांबात लांब ४० मीटर.

३३० चा आकडा खरा आहे का हे क्रोनोग्राफ (वेग मोजायचं यंत्र) नसताना कसं ताडायचं? हातात घेतल्यावर आधी काय बघायचं? ३८ हजार वाजवी आहेत का? आणि गावात जो तो विचारायलाय की ह्यानं रानडुक्कर पडतंय का. त्याचंही एकदा नीट उत्तर मिळालं तर बरं होईल.

ग्रेन_आणि_ज्यूल (छत्रपती संभाजीनगर):
डब्यावरचा वेग हा एका ठरावीक वजनाच्या बोल्टचा असतो आणि तो बोल्ट बहुधा हलका असतो. त्यामुळे "कितीच्या बोल्टवर ३३०?" हे आधी विचारा. समजा ३७० ग्रेन, म्हणजे २४ ग्रॅम. ३३० फूट म्हणजे सेकंदाला १०० मीटर. अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग केलं की १२० ज्यूलच्या आसपास ऊर्जा येते. तोच धनुष्य ४२५ ग्रेनचा बोल्ट साधारण ३१० नं सोडेल, ऊर्जा जवळपास तेवढीच राहील. म्हणून दोन मॉडेलांची तुलना करताना वेगाशी वेग लावू नका, ज्यूलशी ज्यूल लावा.

नुसत्या ड्रॉ वेटवरूनही काही कळत नाही. साठणारी ऊर्जा म्हणजे जोर आणि त्या जोरानं बोल्टला ढकललेलं अंतर, हे दोन्ही. ऑनलाइन मिळणारा ८० पाउंडचा पिस्तुलासारखा छोटा क्रॉसबो घ्या. त्याची स्ट्रिंग पाच-सहा इंचच सरकते, त्यामुळे बोल्टच्या वाट्याला २० ज्यूलही जेमतेम येतात. आकडा निम्मा दिसतो, काम मात्र सहाव्या हिश्श्याचं. तुमच्या मॉडेलला १७५ आणि १२ इंच असेल तर १२० ज्यूल पटण्यासारखे आहेत, कारण कंपाउंडमध्ये कॅममुळे जोर ताणाच्या बऱ्याच भागात चढा राहतो. कॅम नसलेल्या साध्या रिकर्व्हला हेच १७५ आणि १२ इंच दिले तर ९० ज्यूलच्या आसपास थांबेल.

आता घरच्या घरी ताडायची पद्धत. स्कोप २० मीटरवर बिनचूक लावून घ्या. मग स्कोपमधली तीच रेघ, तोच नेम धरून ४० मीटरवर तीन बोल्ट मारा आणि नेमाच्या बिंदूपासून किती खाली लागले ते टेपनं मोजा. स्कोप रेलच्या (बोल्ट ज्या पट्टीवरून सरकतो तिच्या) ६ सेंटिमीटर वर आहे असं धरलं तर १०० मीटर प्रति सेकंदाला साधारण ३३ सेंटिमीटर घसरण येते, ९० ला ४२ आणि ८० ला ५५. हवेच्या विरोधामुळे प्रत्यक्षात दोन-तीन सेंटिमीटर वाढतील. घसरण ५० च्या वर गेली तर ३३० विसरा. टार्गेट मात्र मोठं ठेवा, नाहीतर मोजायला बोल्टच सापडायचा नाही.

गोखी_फुलवरे (धाराशिव):
डुकराचं आधी मिटवून टाकू. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ९ नं शिकारीवर बंदी आहे, आणि त्या कायद्यात शिकारीच्या व्याख्येत जखमी करणं, सापळा लावणं, तसा प्रयत्न करणं हे सगळं येतं. आपल्या शेतात आलं म्हणून सूट नाही. अधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, ती कलम ११ खाली. क्रॉसबो मूळ शिकारीचा आहे म्हणून इथं तो हक्क मिळत नाही.

शिवाय बोल्ट बंदुकीच्या गोळीसारखा जागच्या जागी पाडत नाही. तो कापतो, आणि जनावर रक्तस्रावानं मरतं. नेम दोन बोटं चुकला तर जखमी डुक्कर ज्वारीत शिरतं आणि सकाळी खुरपायला गेलेल्या बाईवर धावून येतं. पिकाचं नुकसान झालं असेल तर लगेच वन विभागाकडे अर्ज करा, वनपाल, तलाठी आणि कृषी सहायकाचा पंचनामा करून घ्या, भरपाई मिळते. सौर कुंपणालाही अनुदान आहे.

दुसरी गोष्ट, मोटरसायकलवर उघडा लटकवून नेऊ नका. जिल्ह्यात सणासुदीला आणि निवडणुकीच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ चे मनाई आदेश निघतात, त्यात शस्त्र घेऊन फिरण्यावर बंदी असते. घ्यायच्या आधी ठाण्यात जाऊन विचारा, आणि विकणाऱ्याकडून मूळ बिलाची प्रत घ्याच.

कापूस_पट्टा (जालना):
आता हातात घेतल्यावरचं. पहिलं काम सेफ्टी लावायची, बोल्ट काढायचा, आणि न ताणलेल्या अवस्थेतच सगळं बघायचं.

लिम्ब्सवरून (धनुष्याच्या वाकणाऱ्या भुजांवरून) कधीही उघडं बोट फिरवू नका, फायबरची कुसळं कातडीत मोडतात आणि निघत नाहीत. सरकी काढलेला कापूस घ्या, मूठभर पुरे. चारही कडांवरून, टोकाजवळ आणि लिम्ब जिथं खोबणीत बसतं तिथं हलक्या हातानं फिरवा. जिथं तंतू अडकतील तिथं चीर आहे. मग मोबाइलची बॅटरी तिरपी धरून पृष्ठभाग बघा. आडव्या पांढुरक्या रेषा म्हणजे थर सुटायला लागलेत. ही खूण दिसली की भाव करत बसू नका, परत द्या. १७५ पाउंड म्हणजे ७९ किलोचा ताण तोंडाजवळ सुटतो.

कॅमकडे समोरून बघा. दोन्ही एका पातळीत, सरळ उभे दिसले पाहिजेत. एखादा कललेला असेल किंवा कॅमच्या कडेला ठेच असेल तर बोल्ट न लावता ट्रिगर दाबला गेलाय असं समजा. तसं झालं की सगळी ऊर्जा बोल्टऐवजी लिम्ब, कॅम आणि स्ट्रिंगला खावी लागते. काही वेळा लगेच मोडत नाही, महिनाभरानं मोडतं. विकणारा हे सांगणार नाही, कॅम सांगतो. बोल्ट नसताना ट्रिगर अडवणारी कळ ह्या मॉडेलला आहे का आणि चालते का हेही तपासा.

स्ट्रिंगचा मधला, वेगळ्या दोऱ्यानं गुंडाळलेला भाग म्हणजे सर्व्हिंग. तो रेलवर घासतो, म्हणून तिथंच आधी झिजतो. नखानं ढकलून बघा, सरकला किंवा फट पडली तर गेला. बाकी स्ट्रिंगला कापसासारखे तंतू आले असतील आणि वॅक्स कधी लागलेलंच नसेल तर तीही गेली. चार वर्षांची मूळ स्ट्रिंग दिसायला कशीही असो, ती बदलायचीच असं धरून चला. कॅमना जोडणारी केबलही सोबतच.

शेवटी रेल. बोटाच्या उलट्या बाजूनं पूर्ण लांबी चाचपा. ओरखडा लागला तर तिथं नवी सर्व्हिंगसुद्धा पन्नास फैरींत फाटेल.

पूर्णाकाठ:
सगळ्यांचे आभार. डुकराचा विषय माझ्याकडून संपला. कॅम सरळ आहेत, कापूस कुठंच अडकला नाही. सर्व्हिंग मात्र नखानं थोडी सरकती. तीन फैरी मारून बघितल्या, ३० मीटरवर तिन्ही एका रेषेत आडव्या पसरल्या, मधलं अंतर वीतभर. बोल्टची नॉक (स्ट्रिंग टेकते ते मागचं टोक) चपटी आहे, मॉडेलच्या पुस्तिकेत अर्धचंद्राकार सांगितलीय. चालेल का?

ग्रेन_आणि_ज्यूल:
नाही चालणार. पुस्तिकेत जी नॉक आहे तीच. अर्धचंद्राच्या जागी चपटी लावली तर स्ट्रिंग बोल्टवरून उडी मारू शकते, बोल्ट तिथंच राहतो आणि कोरी (बोल्टविना) फैर होते. ते चार बोल्ट वापरू नका. वजनही बघा. सोनाराच्या काट्यावर एकेक बोल्ट टोकासकट तोला. उत्पादकानं दिलेल्या किमान वजनाच्या खाली एकही नको, कारण फार हलका बोल्ट म्हणजे अर्धी कोरी फैरच. चारही एकमेकांच्या अर्ध्या ग्रॅमच्या आत असावेत.

आडवं पसरणं हे बहुतेक वेळा असमान ताणण्यानं होतं. स्ट्रिंग विसावलेली असताना रेलच्या दोन्ही कडांना लागून पेननं सर्व्हिंगवर बारीक खुणा करा. ताणल्यावर दोन्ही खुणा रेलपासून सारख्याच अंतरावर आल्या पाहिजेत. दोन-तीन मिलिमीटरचा फरकही ३० मीटरवर वीतभर दाखवतो. हातानं ताणलं की जास्त जोराच्या हाताकडे ओढ जाते, म्हणून दोरीच वापरा. रिकीबमध्ये पाय पूर्ण घालून, पाठ सरळ ठेवून, दोन्ही मुठी एकाच वेळी वर. दोरीला कप्पी असल्यानं ७९ किलोचा जोर ४० वर येतो. खुणा जुळूनही आडवं पसरलं तर मग सरकती सर्व्हिंग किंवा स्कोपचे सैल स्क्रू.

स्कोपचं एक लक्षात घ्या. त्यातल्या रेघा बहुधा २०, ३०, ४०, ५० यार्डांच्या असतात आणि आपण टार्गेट मीटरमध्ये लावतो. ४० यार्ड म्हणजे ३६.६ मीटर. त्या रेघेवर ४० मीटरला मारलं तर सात-आठ सेंटिमीटर खाली लागेल आणि दोष धनुष्याला जाईल. टार्गेट १८.३, २७.४ आणि ३६.६ मीटरवर लावा.

मांजराकाठी (लातूर):
भावाबद्दल माझं मत वरच्यांपेक्षा कडक आहे. ३८ हजारांत तुम्ही काय घ्यायलात ते मोजा. स्ट्रिंग आणि केबल बदलायच्या, बोल्ट चारही बाद, नॉक नव्या, म्हणजे निदान सहा नवे बोल्ट. ह्या सगळ्याचा भाव ह्याच मॉडेलसाठी आधी काढा आणि तो ३८ मधून सरळ वजा करा. उरलं त्यातून चार वर्षांच्या लिम्ब्सची घट. तरीही एक मोठा खर्च राहतोच: कंपाउंडची स्ट्रिंग आणि केबल बदलायला लिम्ब्स दाबून धरणारा प्रेस लागतो. तो आपल्याकडे तालुक्याच्या गावात मिळत नाही. दर वेळी धनुष्य पाठवायचा, यायची वाट बघायची, आणि कॅमचं टायमिंग (दोन्ही एकाच वेळी फिरणं) बरोबर आलंय ह्यावर विश्वास ठेवायचा.

रिकर्व्ह क्रॉसबोची स्ट्रिंग मदतीच्या दोरीनं घरी दहा मिनिटांत चढते. कॅम नाही, केबल नाही, टायमिंग नाही. वेग ३०-४० फुटांनी कमी, रुंदीला जास्त, पण ४० मीटरच्या आतल्या कागदाला तो फरक कळत नाही. जादा वेगाचा उपयोग शिकारीत अंतराचा अंदाज चुकला तर होतो. तुमचं टार्गेट जागचं हलत नाही आणि अंतर टेपनं मोजलेलं आहे. त्या वेगासाठी पैसे का द्यायचे? तरी हाच घ्यायचा असेल तर स्ट्रिंग-केबल विकणाऱ्यानं बदलून द्यावी, बोल्ट वगळावेत, आणि मग २२-२४ हजारांच्या वर जाऊ नये.

निशाणेबाजीचीच हौस असेल तर एकदा साध्या कंपाउंड धनुष्याचाही विचार करा. त्याला ५० मीटरच्या स्पर्धा आहेत, ६० पाउंडांची मर्यादा आहे, शिकवणारे आहेत. २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे ह्याच प्रकारात विजेते झाले, आणि २०२८ च्या ऑलिम्पिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा आलीय. परभणीकडच्या पोराला क्रॉसबोनं कुठल्या मैदानावर जायचं हे सांगणं अवघड आहे.

कापूस_पट्टा:
कंपाउंडवर मी इतकी फुली मारणार नाही, ताणताना आणि उचलायला तो आटोपशीर असतो. पण प्रेसचं बरोबर आहे, सर्व्हिंग सरकती असताना तर नक्कीच. विकणाऱ्यानं बदलून दिली तरच पुढं जा.

घेतलाच तर तीन गोष्टी. पुढच्या हाताचा अंगठा कायम रेलच्या खाली. वर आला तर स्ट्रिंग तो घेऊनच जाते, ह्यात दुसरी संधी नाही.

ताणलेला धनुष्य हातानं हळूच परत सोडता येत नाही. एक जुना, जड, न तडकलेला बोल्ट त्यासाठीच वेगळा ठेवा आणि भिजवलेल्या भुसभुशीत मातीत सहा-सात फुटांवरून सोडा. खडे असलेल्या बांधात नको. कार्बन बोल्ट दर वेळी काढल्यावर दोन्ही हातांत हलका वाकवून कानाशी धरा, चरचर आली तर मोडून फेकून द्या.

टार्गेटला कडब्याची पेंढी पुरत नाही, १२० ज्यूलचा बोल्ट आरपार जातो. खताच्या रिकाम्या गोणीत जुने कपडे आणि प्लास्टिकची आवरणं पायानं तुडवून ठासा, दोन गोण्या एकामागं एक. मागं माणसाच्या उंचीपेक्षा वर मातीचा ढीग असलाच पाहिजे, कारण चुकलेला बोल्ट काही शे मीटर जातो आणि सोयाबीन उभं असताना पलीकडं कोण खुरपतंय ते दिसत नाही.

आणि एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीत ठेवू नका. बाहेर ४२ अंश असताना बंद गाडीत ६० च्या वर जातं. लिम्ब्सच्या थरांमधला गोंद सैल पडतो, स्ट्रिंग लांबते, कॅमचं टायमिंग हलतं. घरात भिंतीला, न ताणता, सावलीत. काळ्या मातीची धूळ रेलवर बसते ती प्रत्येक वेळी कोरड्या फडक्यानं पुसा, मगच रेलचं तेल एक थेंब. धुळीवर तेल लावलं की ती पॉलिश पेपरचं काम करते आणि नवी सर्व्हिंगही महिन्यात जाते.