मदत हवी आहे: काही न देताही टी-पेशींवर सीडी६९ (पेशी जागी झाल्याची खूण) दिसतोय

बेळगाव_बेंच: निपाणी-चिकोडीकडून रक्त हेपरिनच्या ट्यूबमध्ये, बर्फाच्या डब्यातून एसटीने येतं. फायकॉलवर (रक्ताचे थर सुटे करणारा द्रव) पीबीएमसी (टी-पेशी असलेला पांढऱ्या पेशींचा थर) काढून आरपीएमआय मीडियम आणि १०% सिरममध्ये ठेवतो. टी-पेशी जाग्या करायला अँटी-सीडी३ (ओकेटी३, पेशीच्या रिसेप्टरसोबतच्या सीडी३ला धरणारी अँटिबॉडी) प्लेटला लावलेलं, जोडीला अँटी-सीडी२८ वरून. २४ तासांनी फ्लो (रंगवलेल्या पेशी एकेक करून मोजणं) केला की कोऱ्या, काही न घातलेल्या वेलमध्येही सीडी६९ चढलेला दिसतो आणि अँटी-सीडी३च्या वेलमध्ये सीडी३ पॉझिटिव्ह पेशीच कमी भरतात. सिरम बदलू का?

घटप्रभा_फ्लो: सिरमवर एवढ्यात खापर फोडू नका. आधी पेशी काढल्या काढल्या, शून्य तासाला थोड्या रंगवून बघा. तेव्हाच सीडी६९ दिसला तर दोष अलीकडचा, म्हणजे रक्त आणण्याचा नाहीतर धुण्याचा. नंतरच चढत असेल तर सिरम, मीडियममधलं एंडोटॉक्सिन (जिवाणूंचं विष) असले संशयित धरा.

माझा पहिला संशय प्लेटलेटवर. सीडी६९ त्यांच्यावरही असतो आणि टी-पेशीला चिकटून आल्या की पेशीच जागी झाल्यासारखी दिसते. सोबत सीडी४१ (प्लेटलेटची खूण) लावा. दोन्ही एकाच पेशीवर आले तर उत्तर मिळालं. फायकॉलनंतर सेंट्रिफ्यूजमध्ये २०० जी वर १० मिनिटं, असं दोनदा धुवा. वरचं गढूळ पाणी ओतून टाका, त्यातच प्लेटलेट जातात.

बर्फ मात्र आजपासून बंद. रक्त १८ ते २५ अंशांत आणा, उन्हाळ्यात थर्मोकोलच्या डब्यात. थंड रक्त आणि थंड फायकॉल असलं की थर नीट सुटत नाही, तांबड्या पेशी वरच्या थरात येतात. फिरवताना ४०० जी, ३० मिनिटं, २० अंश, ब्रेक बंद. रक्त दुसऱ्या दिवशी उघडत असाल तर ग्रॅन्युलोसाइटही (वेगळ्या जातीच्या पांढऱ्या पेशी) त्या थरात येतात, मग टक्केवारीला काही अर्थ नाही.

मलप्रभा_काठ: सीडी३ कमी दिसतो ते बिघडलेलं नव्हे, काम झाल्याची खूण आहे. रिसेप्टर ओढला गेला की पेशी तो आत घेते. उरलेल्यावर ओकेटी३ आधीच बसलेलं. गेट (मोजायच्या पेशी निवडणारी चौकट) सीडी४ आणि सीडी८ या टी-पेशींच्या दुसऱ्या खुणांवर टाका. फक्त पीएमए-आयोनोमायसिनच्या (पेशी जागी करणारी रसायनं) वेलमध्ये सीडी४ही उतरतो, तिथे सांभाळा.

ओकेटी३ १ ते ५ मायक्रोग्रॅम प्रति मिली, पीबीएसमध्ये (क्षारांचं बफर), रात्रभर ४ अंशांवर. पेशी घालण्याआधी दोनदा धुवून. अँटी-सीडी२८ १ ते २ मायक्रोग्रॅम, पण अझाइड (टिकण्यासाठी घातलेलं विषारी रसायन) नसलेलंच घ्या. प्लेटवरच्या ओकेटी३मधलं अझाइड धुऊन जातं, अँटी-सीडी२८मधलं सरळ पेशींत पडतं आणि त्यांना मारतं.

बेळगाव_बेंच: मग रंगवायला ओकेटी३ऐवजी यूसीएचटी१ क्लोन (दुसरं अँटी-सीडी३) घेतला तर?

मलप्रभा_काठ: उपयोग नाही हो, दोघांची जागा जवळपास एकच, आधीचं बसलेलं असलं की दुसऱ्याला वाव नाही. आणि लिम्फोसाइटचं गेट जरा उजवीकडे मोठं ठेवा. जागी झालेली पेशी फुगते. जुन्या छोट्या गेटात ती मावतच नाही आणि सीडी२५ (जागं झाल्याची आणखी एक खूण) असलेल्या नेमक्या त्याच पेशी मोजणीतून गळतात.