जुने इटालियन सिनेमे घरी बघताना: सबटायटल्स की डबिंग?

कानसेन: 'सबटायटल्स लावा, मूळ आवाज ऐका' हा सल्ला इथे सरसकट चालत नाही. युद्धानंतरच्या इटालियन सिनेमात सेटवरचा आवाज बहुतेकदा कच्चा, खरे संवाद नंतर स्टुडिओत भरलेले. दिग्दर्शक फेलिनी तर सेटवर नटांना संवादांऐवजी आकडे म्हणायला लावायचा. मग मूळ आवाज कुठला? त्याच्याच 'ला स्त्रादा'त (१९५४) अमेरिकन नट अँथनी क्विन सेटवर इंग्रजी बोललाय. इटालियन ट्रॅकवर त्याच्या तोंडी दुसऱ्याचाच आवाज आहे. डिस्कवर इंग्रजी ट्रॅक असेल तर तोच लावा.

तळओळ: आणि त्या ट्रॅकवर नायिका जेल्सोमीना दुसरीच्या आवाजात परकी होते, त्याचं काय? एकाचे ओठ जुळावेत म्हणून बाकी अख्खं गाव इंग्रजी बोलवायचं! 'इल गात्तोपार्दो' (१९६३) घ्या. त्यातल्या अमेरिकन नटाचा, बर्ट लँकेस्टरचा, स्वतःचा आवाज फक्त इंग्रजी आवृत्तीत आहे, आणि ती १६१ मिनिटांची. इटालियन १८५. चोवीस मिनिटं सोडायची? 'ला तेर्रा त्रेमा'त (१९४८) तर कोळी सिसिलीची बोली बोलतात, इटलीतल्याच प्रेक्षकांसाठी प्रमाण इटालियनमध्ये निवेदन जोडावं लागलं. त्याचं डबिंग कोणत्या भाषेत करणार?

कानसेन: ला तेर्रा त्रेमा मान्य. पण सबटायटल्सवर एवढा विश्वास नको. स्वस्तातल्या डिस्कवर बऱ्याचदा इंग्रजी डबिंगचाच मजकूर सबटायटल्स म्हणून चिकटवलेला असतो. ओळखायचं कसं? ऑडिओ इटालियन ठेवा आणि पाठमोरं पात्र असलेला प्रसंग लावा. कुणी बोलत नसताना ओळ उमटली, किंवा लांबलचक वाक्यावर 'हो' एवढंच आलं, तर समजा अनुवाद नाही. मेनूत दोन इंग्रजी सबटायटल्स असतील तर कंसात 'दार वाजतं' वगैरे लिहिलेला ट्रॅक सहसा इंग्रजी ऑडिओसाठी असतो, दुसरा निवडा.

रीळवाला: दोघांच्याही भांडणात तिसरी अडचण. 'प्रोफोन्दो रोस्सो'चं (१९७५) इंग्रजी डबिंग निर्यातीच्या छोट्या आवृत्तीपुरतंच. १२६ मिनिटांची पूर्ण प्रत इंग्रजीत लावली की त्यातला इंग्रज नायक डेव्हिड हेमिंग्ज मधेच इटालियन बोलायला लागतो. त्या तुकड्यांसाठी वेगळा 'फोर्स्ड' (म्हणजे सबटायटल्स बंद असतानाही आपोआप दिसणारा) सबटायटल ट्रॅक असतो. आपल्या डिस्कची एमकेव्ही (व्हिडिओची) फाइल करताना ती 'फोर्स्ड' खूण गळू शकते आणि पडदा कोरा राहतो. एमकेव्हीटूलनिक्स या सॉफ्टवेअरमध्ये त्या ट्रॅकला 'फोर्स्ड' आणि 'डीफॉल्ट' दोन्हींना 'येस' करा.

दुसरं, युरोपातल्या पाल (तिथल्या टीव्हीच्या पद्धतीच्या) डीव्हीडी सेकंदाला २५ चौकटींनी धावतात, ब्लू-रे बहुधा २३.९७६. डीव्हीडीचे सबटायटल्स ब्लू-रेवर लावले की सुरुवात बरोबर, तासाभरात ओळ अडीच मिनिटं आधी येते. नुसतं पुढे-मागे सरकवून उपयोग नाही, तफावत वाढतच जाते. 'सबटायटल एडिट' या सॉफ्टवेअरमध्ये चौकटींचा वेग २५ वरून २३.९७६ करा. मग उरलंसुरलं सरकवा.

तळओळ: म्हणजे सबटायटल्स दुरुस्त तरी करता येतात. डबिंगला हात लावता येत नाही.

कानसेन: येतो की! 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'ची लांब प्रत बघा. जोडलेल्या प्रसंगांसाठी २००३ साली त्यातले नट क्लिंट ईस्टवुड आणि ईलाय वॉलक परत माइकसमोर उभे राहिले. तिसरा नट ली व्हॅन क्लीफ १९८९ मध्येच गेलेला, त्याला दुसरा आवाज.

तळओळ: हो, आणि त्या प्रसंगांत ईस्टवुड एकदम सत्तरीचा वाटतो. तिथे मी इटालियन ट्रॅकच लावतो.